बालवाडीत स्पॅनिश: नव्याने सुरुवात करणाऱ्या शिक्षकांसाठी

बालवाडीत स्पॅनिश शिकवायचं ठरलं की आपण पहिल्यांदा शब्दांच्या याद्या करायला बसतो. रंगांची एक, प्राण्यांची एक, फळांची एक, शिवाय एक ते दहा आकडे. मीही पहिल्या वर्षी तेच केलं. तीन महिन्यांत मुलं ‘उनो, दोस, त्रेस’ करत दहापर्यंत घडाघडा म्हणायला लागली आणि पालक खूश झाले. मग एके दिवशी मी ठोकळ्यांची टोपली एका मुलासमोर ठेवली, हात पसरला आणि म्हणाले, ‘दामे त्रेस’, म्हणजे मला तीन दे. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि मग अगदी मनापासून ‘क्वात्रो, सिंको, सेइस’ म्हणत पुढे निघाला. ‘त्रेस’ हा शब्द त्याला पाठ होता, पण तीन ठोकळे आणि ‘त्रेस’ यांची गाठ मी कधी घालूनच दिली नव्हती.

त्या दिवसापासून मी उलट्या बाजूने सुरुवात करायला लागले. दिवसभरात मुलं जी कामं खरोखर करतात ती आधी बघायची आणि त्यातल्या एकेका कामाला स्पॅनिश जोडायची. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला भाषा शिकायची नसते. त्याला हात धुवायचे असतात, रांगेत पुढे उभं राहायचं असतं, मातीचा मोठा गोळा हवा असतो. या कामांमध्ये स्पॅनिश आली तरच ते ती उचलतं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच अनुभवावर उभ्या आहेत. तुमची स्पॅनिश उत्तम असायलाच हवी असं नाही. रोजच्या साध्या वाक्यांपुरती येत असेल आणि ती वाक्यं तुम्ही बिनचूक, न अडखळता म्हणू शकत असाल, तर सुरुवातीला तेवढं पुरे.

सुरू करण्याआधी अपेक्षांबद्दल थोडं

‘लहान मुलं भाषा पटकन शिकतात’ हे वाक्य तुम्हाला पालकांकडून, सहकाऱ्यांकडून सतत ऐकायला मिळेल. त्यातला ‘पटकन’ हा शब्द खरा नाही. कॅथरिन स्नो आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजीभाषकांचा अभ्यास केला होता. तो १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. डच शिकताना सुरुवातीच्या महिन्यांत किशोरवयीन मुलं आणि मोठी माणसं पुढे होती आणि तीन ते पाच वर्षांची मुलं बहुतेक चाचण्यांत मागे. लहान मुलांकडे वेग नसतो. त्यांच्याकडे दुसरं काहीतरी असतं: नवा आवाज काढायची लाज नसते, तीच गोष्ट शंभरदा करायचा कंटाळा नसतो आणि पुढे भरपूर वर्षं असतात. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत मुलं बोलत नाहीत म्हणून खचू नका आणि शाळेच्या कार्यक्रमात दाखवण्यासाठी त्यांच्याकडून काही घोकूनही घेऊ नका.

पायरी पहिली: आधी आपलं तोंड तयार करा

मुलं तुमचा उच्चार जसाच्या तसा उचलतात, चुकीसकट. म्हणून वर्गात जाण्याआधीचे दोन-तीन आठवडे स्वतःच्या जिभेवर खर्च करा. मराठी बोलणाऱ्याला इथे मोठा फायदा आहे. स्पॅनिशचे पाच स्वर म्हणजे आपले आ, ए, इ, ओ, उ, आणि ते कुठेही आले तरी तेच राहतात. ‘कासा’मधले (घर) दोन्ही ‘आ’ सारखे. स्पॅनिशमधले त, द, प, क आपल्यासारखेच आहेत. ‘तोमाते’ म्हणताना जीभ दातांना लागते, टाळूकडे जात नाही. इंग्रजीच्या सवयीने ‘टोमाटे’ म्हणू नका. ‘निन्यो’ (मुलगा) आणि ‘आरान्या’ (कोळी) यांतला अनुनासिक आवाज म्हणजे आपला ‘ञ’, वर्णमालेबाहेर क्वचित भेटणारा. आणि साधा ‘र’ आपलाच.

आता जिथे आपण घसरतो त्या जागा. स्पॅनिशमध्ये ‘व’ लिहिलेला दिसला तरी उच्चार ‘ब’ होतो: गाय म्हणजे ‘बाका’, हिरवा म्हणजे ‘बेर्दे’. आपला ‘झ’ तर या भाषेत नाहीच. निळ्याला आपण हमखास ‘अझुल’ म्हणतो, तो ‘आसुल’ आहे. स्पेनच्या बऱ्याच भागात तिथे ‘थ’कडे झुकणारा आवाज येतो, लॅटिन अमेरिकेत सरळ ‘स’. ‘च’ नेहमी ‘चंद्र’मधला, ‘चमचा’मधला कधीच नाही. ‘मुचाचा’ (मुलगी) मोठ्याने म्हणून बघा, दोन्ही ‘च’ कुठे पडतात ते कळेल. शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ लिहितात पण म्हणत नाहीत, म्हणून नमस्कार हा ‘ओला’. उलट ‘होता’ नावाच्या अक्षराचा आवाज घशातून येणारा, ‘ह’ आणि ‘ख’ यांच्या मधला असतो. काही देशांत तो ‘ह’सारखा मऊ, काही ठिकाणी खरखरीत. या लेखात मी तो ‘ह’ने लिहिला आहे.

सगळ्यात जास्त लक्ष आघाताकडे द्या, कारण मराठीत शब्दाच्या कुठल्या भागावर जोर दिला यावरून अर्थ बदलत नाही आणि स्पॅनिशमध्ये बदलतो. शेवटच्या अक्षरावर जोर दिला तर ‘पापा’ म्हणजे बाबा. पहिल्यावर दिला तर लॅटिन अमेरिकेत तो बटाटा होतो.

आणि दुहेरी ‘र’. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा, असा त्याचा मान आहे. तुम्हाला तो कंपित ‘र’ जमत नसेल तर रोज पाच मिनिटं सराव करा. मुलांना मात्र त्यासाठी कधीही टोकू नका. स्पॅनिश मातृभाषा असलेल्या मुलांनाही हा आवाज अगदी शेवटी जमतो.

आणखी एक निर्णय आत्ताच घ्या: स्पेनची स्पॅनिश की लॅटिन अमेरिकेची? दोन्ही चालतील, मिसळ नको. फळाचा रस एकीकडे ‘सुमो’ (खुद्द स्पेनमध्ये त्याचा उच्चार ‘थुमो’), दुसरीकडे ‘हुगो’. बटाटा एकीकडे ‘पाताता’, दुसरीकडे ‘पापा’. ऐकायची गाणी, पुस्तकं, तुमचे उच्चार एकाच बाजूचे असले की मुलांचा गोंधळ होत नाही. एक इशाराही लक्षात ठेवा. ‘कोहेर’ हे क्रियापद स्पेनमध्ये ‘घेणं, पकडणं’ या साध्या अर्थाने सर्रास वापरतात, पण लॅटिन अमेरिकेतल्या अनेक देशांत ते अश्लील आहे. वर्गात त्याऐवजी ‘तोमा’ (घे) वापरा, म्हणजे कुठेच अडचण येणार नाही.

पायरी दुसरी: वेळ थोडी, पण रोज

आठवड्यातून एकदा पाऊण तास देण्यापेक्षा रोज दहा-पंधरा मिनिटं द्या. व्यवस्थापन एकच मोठा तास देत असेल तर तो तोडून मागा. चार वर्षांचं मूल मधल्या सहा दिवसांत सगळं विसरून येतं आणि तुम्ही वर्षभर ‘ओला’वरच राहता.

ही वेळ मुलांना कळण्यासाठी एक खूण हवी. कुणी रंगीत रुमाल गळ्यात घालतं, कुणी छोटी घंटा वाजवतं. मी हातात घालायची बाहुली वापरते. तिला फक्त स्पॅनिश येते, दुसरी कुठलीही भाषा कळत नाही, आणि हा नियम मी कधीही मोडत नाही. त्याचा उपयोग कसा होतो ते सांगते. एक मुलगी बाहुलीच्या कानाशी येऊन घरच्या भाषेत कुजबुजली की तिला तहान लागली आहे. बाहुलीने मान हलवली, कानावर हात ठेवला, ‘के?’ काय? मुलीने पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने. बाहुली पुन्हा ‘के?’ मग मुलीने बाटलीकडे बोट दाखवलं. बाहुली आनंदाने उडालीच, ‘आऽ, आग्वा!’ मुलगी म्हणाली, ‘आग्वा.’ बाहुलीने बाटली तिच्या हातात दिली. या सगळ्याला अर्धा मिनिट लागला असेल. पण तो शब्द तिने मागून घेतला होता आणि त्याने तिचं काम झालं होतं. पुढे तो तिला कधी विचारावा लागला नाही.

बाहुलीला भाषांतर करायला लावलंत तर ती संपली. तिला कळत नाही म्हणूनच मुलं तिच्यासाठी धडपडतात.

पायरी तिसरी: नेहमीच्या कामांना वाक्यं बांधा

आता तुमच्या वर्गाचं वेळापत्रक घ्या आणि रोज होणारी कामं कागदावर लिहा: येणं, हजेरी, गोलात बसणं, खेळणं, आवरणं, हात धुणं, खाणं, झोपणं, निघणं. प्रत्येकाला एक वाक्य ठरवा. ते वाक्य त्याच वेळी, त्याच जागी, त्याच हावभावासह म्हणायचं आणि शब्द बदलायचे नाहीत.

इथे एक युक्ती आहे, स्पॅनिशभाषक बालशिक्षक ती सतत वापरतात. आज्ञार्थाची रूपं करत बसण्याऐवजी ‘आ’ लावून मूळ क्रियापद म्हणायचं. ‘आ कोमेर!’ चला, खायला. ‘आ हुगार!’ चला, खेळायला. ‘आ गुआर्दार!’ चला, आवरायला. ‘आ लाबार्से लास मानोस!’ चला, हात धुवायला. एका मुलाला सांगायचं असो की तीस, रूप तेच. स्पेनमध्ये अनेकांना उद्देशून वेगळी रूपं असतात आणि लॅटिन अमेरिकेत वेगळी, ती डोकेदुखीही यात टळते.

पहिल्या आठवड्यात फक्त दोन वाक्यं. नंतर दर आठवड्याला एक वाढवा. सगळी एकदम आणलीत तर मुलांच्या कानावर नुसता गलका पडतो.

हात धुणं मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात एक ठरलेला क्रम आहे आणि प्रत्येक शब्दाचं काम हाताला जाणवतं. नळापाशी मुलांच्या शेजारी उभी राहून मी माझे हातही धुते आणि एकेक शब्द म्हणते. ‘आब्रे’, नळ उघड. ‘मोहा’, भिजव. ‘हाबोन’, साबण. ‘फ्रोता, फ्रोता, फ्रोता’, चोळ, चोळ, चोळ, इथे आवाज बोटांच्या लयीत फिरवायचा. पुन्हा ‘आग्वा’. ‘सिएर्रा’, बंद कर. ‘सेका’, कोरडे कर. पहिले काही दिवस मुलं फक्त बघतात. मग कुणीतरी साबण लावताना तोंडातल्या तोंडात ‘फ्रोता फ्रोता’ करायला लागतं. महिन्याभराने मी मुद्दाम गप्प उभी राहते आणि रांगेतलं एखादं मूल पुढच्याला सांगतं, ‘सिएर्रा!’, कारण पुढचा नळ तसाच सोडून निघालेला असतो. शिकवणी न घेता सात शब्द बसतात आणि हातही नीट धुतले जातात.

भाषांतर करायचं की नाही, हा प्रश्न प्रत्येक नवा शिक्षक विचारतो. माझं उत्तर असं: स्पॅनिशच्या वेळात आधी कृती, मग चित्र, मग हावभाव, आणि तरीही मूल हरवलेलं दिसलं तर एकदाच घरच्या भाषेत. प्रत्येक वाक्य दोनदा, दोन भाषांत म्हणायची सवय लागली की मुलं स्पॅनिश अर्धं ऐकणं सोडून देतात, कारण दुसरं अर्धं येणार हे त्यांना ठाऊक असतं. मात्र मूल पडलं, रडलं, घाबरलं, किंवा सुरक्षिततेची सूचना द्यायची असली की त्या क्षणी त्याला कळेल त्याच भाषेत बोला. तिथे स्पॅनिशचा हट्ट धरणं चुकीचं आहे.

पायरी चौथी: अंगाने शिकू द्या

१९६० च्या दशकात जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक पद्धत मांडली. शिक्षकाने सूचना द्यायची, शिकणाऱ्याने ती शरीराने पाळायची, आणि बोलायची सक्ती नाही. बालवाडीला ही पद्धत जणू मापाने शिवली आहे, कारण मुलांना तसंही हलायचंच असतं.

तीन क्रियापदांपासून सुरू करा: ‘सालता’ (उडी मार), ‘कामिना’ (चाल), ‘पारा’ (थांब). तुम्ही म्हणा आणि करा, मुलं तुमच्याबरोबर करतील. तीन-चार दिवसांनी म्हणा, पण स्वतः करू नका, आणि कोण ऐकून करतं, कोण शेजाऱ्याकडे बघून करतं ते पाहा. मग वेग बदला, क्रम बदला. मग ‘हिरा’ (गोल फिर) आणि ‘तोका’ (हात लाव) आणा. ‘तोका’ आला की दार उघडतं, कारण त्याच्यामागे काहीही जोडता येतं: ‘तोका ला मेसा’ टेबल, ‘तोका ला पुएर्ता’ दार, ‘तोका ला नारिस’ नाक. अवयव, वर्गातल्या वस्तू, रंग हे सगळं यातून येतं, वेगळी यादी लागत नाही. आणि तुम्ही कधी न म्हटलेली जोडी म्हणून बघा: ‘सालता इ तोका ला नारिस’. ती मुलांनी बरोबर केली तर त्यांना वाक्य समजलं आहे.

थोड्या आठवड्यांनी सूचना देण्याचं काम मुलांकडे द्या. शिक्षकाला उड्या मारायला लावण्याचा अधिकार मिळाला की गप्प मुलंही ‘सालता!’ ओरडतात. ‘सिमोन दिसे’ म्हणजे ‘सिमोन म्हणतो’ हा खेळ चालेल, फक्त चुकलेल्याला बाद करू नका. ज्याला कळत नाही तोच बाद होऊन कोपऱ्यात बसतो आणि ऐकायची सगळ्यात जास्त गरज त्यालाच असते.

पायरी पाचवी: गप्प मुलांना गप्प राहू द्या

नवी भाषा कानावर पडायला लागली की काही मुलं आठवडे, काही महिने त्या भाषेत एक शब्द बोलत नाहीत. हा काळ रिकामा नसतो, मूल साठवत असतं. माझ्या वर्गात एक मुलगी चार महिने स्पॅनिशच्या वेळात ओठ मिटून बसायची. सूचना सगळ्या पाळायची. एकदा मळलेल्या मातीचे गोळे वाटताना मी तिच्यासमोर छोटा गोळा ठेवला. तिने तो पाहिला, माझ्या ताटलीकडे पाहिलं आणि हळू पण स्पष्ट म्हणाली, ‘मास.’ अजून. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणाला हाक मारून सांगितलं नाही. ‘मास? सी, मास’ म्हणून मोठा गोळा दिला. तिने बोलणं सुरू केलं ते त्या दिवसापासून. मी तिथे कौतुकाचा गाजावाजा केला असता तर ती पुन्हा मिटली असती, असं मला आजही वाटतं.

प्रश्न विचारताना पायऱ्या ठेवा. आधी बोटाने उत्तर देता येईल असा: ‘दोन्दे एस्ता एल गातो?’ मांजर कुठे आहे? मग हो-नाहीचा: ‘एस उन गातो?’ मग निवडीचा: ‘गातो ओ पेर्रो?’ आणि अगदी शेवटी मोकळा: ‘के एस?’ हे काय आहे? नवे शिक्षक नेमके शेवटच्यापासून सुरुवात करतात आणि वर्ग गप्प होतो. एकाच गोलात वेगवेगळ्या मुलांना वेगवेगळ्या पायरीवरचे प्रश्न विचारता येतात, ते जमवायला शिका.

आणि चूक सुधारायची कशी? मूल म्हणालं ‘गाता नेग्रो’, तर ‘नाही, असं म्हण’ असं सांगू नका. ‘सी, ला गाता नेग्रा!’ असं उत्साहाने, बरोबर रूपात परत म्हणा आणि पुढे जा.

व्याकरण: मुलांना नाही, तुम्हाला

मुलांना व्याकरण सांगायचं नाही, पण तुमच्या बोलण्यात ते पक्कं हवं. वस्तूचं नाव सांगताना नाम एकटं म्हणू नका, आधी लिंग दाखवणारा ‘एल’ किंवा ‘ला’ लावा: ‘एल सोल’ (सूर्य), ‘ला लुना’ (चंद्र), ‘ला मेसा’. स्पॅनिशमध्ये पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एवढंच, आणि विशेषण नामाप्रमाणे बदलतं. हे आपल्याला नवीन नाही. काळा बोका ‘एल गातो नेग्रो’, काळी मांजर ‘ला गाता नेग्रा’. ‘बेर्दे’ मात्र दोन्हीकडे तसाच राहतो, जसा आपला ‘लाल’ राहतो. लिंग मराठीवरून ठरवू नका, इतकंच. चंद्र तिथे स्त्रीलिंगी आहे. हातही, शेवटी ‘ओ’ असूनसुद्धा: ‘ला मानो’.

मराठी माणसाला खरा आनंद होतो तो ‘मे गुस्ता’पाशी. ‘मे गुस्ता ला मान्साना’, मला सफरचंद आवडतं. ‘मे गुस्तान लास मान्सानास’, मला सफरचंदं आवडतात. ‘मला’ आधी, आणि क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे चालतं, हुबेहूब आपल्यासारखं. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे इथे बराच काळ अडकतात, आपण ते वाक्य पहिल्या दिवशी आपलंसं करतो. पेला सांडला तर ‘से मे कायो’, माझ्याकडून पडला. तिथेही आपल्यासारखीच मांडणी. पोट दुखतं तेव्हा ‘मे दुएले ला बार्रिगा’. ही वाक्यं मुलांना तोडून समजावू नका. अख्खीच्या अख्खी, एका तुकड्यासारखी द्या. तुकड्याचे भाग ती नंतर स्वतः सुटे करतात.

पायरी सहावी: गोष्ट आणि गाणं

गोष्ट निवडताना एकच वाक्य पुन्हा पुन्हा येणारी, पानावर थोडे शब्द असलेली निवडा. एक पुस्तक दोन आठवडे पुरवा. पहिल्या दिवशी घरच्या भाषेत एका ओळीत सांगा की ही कशाची गोष्ट आहे, आणि मग सगळी स्पॅनिशमध्ये, वस्तू हातात घेऊन. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी परत येणाऱ्या वाक्याआधी थांबा आणि वाट बघा, ते वाक्य कुणीतरी पूर्ण करेल. पाचव्या दिवशी मांजराच्या चित्रावर बोट ठेवून ठामपणे म्हणा, ‘एल पेर्रो’. सगळा वर्ग ‘नो!’ करून उठतो. माझ्या माहितीत याच्याइतकी चांगली परीक्षा नाही. दुसऱ्या आठवड्यात मुलांनीच पात्रं व्हायचं.

गाण्यांचा निकष सोपा: संथ, हावभाव करता येण्याजोगं, नवे शब्द पाच-सहाच्या आत. बाजारातली बरीच गाणी मोठ्यांनाही झेपणार नाहीत इतकी वेगवान असतात. त्यापेक्षा स्वतः दोन ओळी बांधा: ‘सुबे, सुबे ला मानो, बाहा, बाहा ला मानो’, हात वर, हात खाली. चाल तुमच्या वर्गातल्या कुठल्याही ओळखीच्या गाण्याची घ्या.

प्राण्यांचे आवाज विसरू नका. स्पॅनिशमध्ये कुत्रा ‘ग्वाउ ग्वाउ’ करतो, कोंबडा ‘किकिरिकी’, पिल्लू ‘पिओ पिओ’. आपला कोंबडा ‘कुकूचकू’ करतो आणि त्यांचा ‘किकिरिकी’, या एका गोष्टीवर मुलं आठवडाभर हसतात. एकाच गोष्टीला दोन भाषांत दोन नावं असू शकतात हे त्यांना त्यातून कुणीही न समजावता कळतं.

पडद्याबद्दल

‘मग रोज व्हिडिओच लावूया की’ असं कुणीतरी सुचवेल. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग त्यांना सांगा. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा वेळा मँडरिन, म्हणजे चिनी भाषा, ऐकवली. काहींना समोर बसलेल्या माणसाकडून, काहींना तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर. माणसाबरोबर खेळलेली बाळं मँडरिनचे आवाज ओळखायला शिकली, पडद्यावर पाहिलेली शिकली नाहीत. तुमच्या वर्गातली मुलं बाळं नाहीत आणि एखादं गाणं दाखवल्याने काही बिघडत नाही. पण तुमचा उच्चार कच्चा असला तरी नळापाशी शेजारी उभं राहून ‘फ्रोता’ म्हणणारं माणूस तुम्ही आहात. पडदा ते करू शकत नाही. व्हिडिओ आधी तुमच्या उच्चारासाठी वापरा.

पालकांशी बोलताना

पहिल्याच भेटीत दोन गोष्टी सांगा. ‘पाहुण्यांना बोलून दाखव’ असं मुलाला म्हणू नका. आणि मूल ‘मला आग्वा पाहिजे’ असं म्हणालं तर ती बिघाडाची खूण नाही. दोन भाषा शिकणारी मुलं अशी मिसळ करतातच आणि पुढे भाषा आपापल्या जागी बसतात. दुसऱ्या भाषेमुळे मूल बोलायला मागे पडत नाही. घरच्या भाषेतही मूल वयाच्या मानाने कमी बोलत असेल तर मात्र स्पॅनिशला बोल न लावता आणि वाटही न बघता तज्ज्ञांना दाखवायला सांगा. घरी स्पॅनिश येत नसेल तर पालकांनी घरची भाषा भरभरून बोलावी, गोष्टी सांगाव्यात. त्याचा फायदा स्पॅनिशलाही होतो.

एखाद्या मुलाच्या घरी स्पॅनिश बोलत असतील तर त्याला वर्गासमोर नमुना म्हणून उभं करू नका. त्याच्या घरचा शब्द तुमच्यापेक्षा वेगळा असेल तर ‘तुझ्याकडे असं म्हणतात, छान’ म्हणून दोन्ही ठेवा.

नोंदी ठेवताना

चाचणी घेऊ नका. एक वही ठेवा, प्रत्येक मुलासाठी एक पान. आठवड्यातून तीन-चार मुलांकडे नीट बघा आणि तीनच गोष्टी लिहा: कुठली सूचना हावभावाशिवाय समजली, कुठला शब्द स्वतःहून बोललं, तो कशासाठी बोललं. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा आहे. ‘मास, माती हवी होती म्हणून’ अशी एक ओळ ‘दहा रंग येतात’ या शेऱ्यापेक्षा मला कितीतरी जास्त सांगते. रोज पंधरा मिनिटं दिली तर वर्षाअखेरीस माझ्या वर्गातली बहुतेक मुलं वीस-पंचवीस सूचना सहज पाळतात, एखादी गोष्ट पूर्ण समजून ऐकतात आणि दहा-बारा तुकडे स्वतःहून वापरतात: ‘दामे’, ‘मास’, ‘नो मे गुस्ता’, ‘या एस्ता’ (झालं), ‘आयुदामे’ (मला मदत कर). काही याहून खूप पुढे जातात, एखादं दोनच शब्द बोलतं.

वर्ष संपताना ही वही पुढच्या वर्षीच्या शिक्षकांना द्या आणि तिच्यासोबत तुमच्या ठरलेल्या वाक्यांचा कागदही, कुठलं वाक्य कुठल्या कामाला आणि कुठल्या हावभावासह ते लिहून. तुम्ही ‘आ गुआर्दार’ म्हणत होता आणि पुढच्या शिक्षकांनी त्याच कामाला ‘आ रेकोहेर’ म्हटलं, तर मुलं सुटीनंतर पहिल्याच दिवशी गोंधळतात. शक्य झालं तर बाहुलीही त्यांच्याकडे सोपवा. मुलं वर्ग बदलून येतात तेव्हा आधी तिलाच शोधतात.